औषधापूर्वी निदान : चित्रकलेचे महाविद्यालय निवडताना

शाहपुरा तलावाच्या काठाने रोज सकाळी फिरावयास जाणारी आमची मंडळी बहुतांशी वैद्यकीय व्यवसायातली. पूर्वी त्या फेरफटक्यात मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की तो प्रवेशपरीक्षेतील गुणांपाशी सुरू होई आणि तिथेच संपे. अलीकडे मात्र एखादे डॉक्टर मंडळींपासून जरा मागे रेंगाळतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "आमच्या मुलीला चित्रे काढायची आहेत. म्हणजे पुस्तकांची, गोष्टींची. तुमच्या कन्येने काय केले हो? कुठे घातलेत तिला?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाचा आग्रह धरला तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

प्रारंभीच नमूद करतो, की मी चित्रकार नाही. मी एक सामान्य फिजिशियन. पुढे जे लिहीत आहे ती एका बापाने केलेली चौकशी आहे, आणि तीत त्याने केलेली चूकही आहे.

एका दात्याची दोन दाने

आपल्या व्यवसायातील बहुतेकांना मुंबईचे जे.जे. रुग्णालय ठाऊक असते आणि चित्रकारांना जे.जे. कलाशाळा. ही दोन्ही नावे एकाच दात्याची, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून रुग्णालय उभे राहिले, आणि १८५३ साली त्यांनीच दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. रोग्याची शुश्रूषा आणि हाताचे कौशल्य, दोन्हींची समाजाला गरज आहे, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते.

या योगायोगाला आणखी एक पदर आहे. 'ग्रेज ॲनाटॉमी' या १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव न ऐकलेला डॉक्टर विरळाच. त्यातील ३६३ आकृत्या काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मात्र विस्मृतीत गेले. कार्टर स्वतः डॉक्टर होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले, आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणूनही राहिले. 'मदुरा फूट' या विकारावरील त्यांचे संशोधन आजही आदराने सांगितले जाते. त्यांच्या आकृत्यांत एक साधी पण विलक्षण सोय होती. त्या काळी आकृतीवर बारीक अक्षरे घालून खाली त्यांची यादी देण्याची प्रथा होती; कार्टर यांनी धमनीचे नाव धमनीवरच आणि स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिले. रात्री जागून पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याची नजर खाली-वर फिरू नये, एवढाच त्यामागील विचार. चित्र सुंदर काढणे निराळे आणि पाहणाऱ्याला समजेल असे काढणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीलाच आज 'इलस्ट्रेशन' म्हणतात. मराठीत आपण त्यास बोधचित्रण म्हणू, कथाचित्रण म्हणू. जुन्या दिवाळी अंकांत त्याला नुसते 'सजावट' म्हणत. महाविद्यालय निवडताना हा भेद मनाशी पक्का असला की निम्मे काम होते, हे मला फार उशिरा उमगले.

माझी चूक

आमच्या कन्येने बारावीला जीवशास्त्र घेतले होते. तिच्या प्रयोगवहीतील बेडकाचे हृदय पाहून तिचे शिक्षक वही वर्गभर फिरवीत. मी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की मुलीला वैद्यकशास्त्राची आवड आहे! निदानातील ही पहिली चूक. तिला हृदयाची नव्हे, हृदयाच्या आकृतीची आवड होती. प्रवेशपरीक्षेसाठी मी तिचे एक वर्ष खर्ची घातले. त्या वर्षीच्या तिच्या सराव-प्रश्नपत्रिका मी जपून ठेवल्या आहेत. उत्तरांपेक्षा समासातील माणसेच त्यांत अधिक आहेत.

निकाल लागल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. 'चित्रकलाच हवी ना, मग लवकर नोकरी लागेल अशी घेऊ,' म्हणून एका खाजगी संस्थेच्या मल्टिमीडिया पदविकेला तिचे नाव घातले. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वातानुकूलित खोल्या होत्या, नवे कोरे संगणक होते, शुल्कही त्याच मानाने होते. सहा महिन्यांनी तिने मला शांतपणे सांगितले, "बाबा, इथे मला बटणे शिकवतात. हात शिकवत नाहीत." तपासण्या न करता महागडे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर मी आयुष्यभर टीका केली, स्वतःच्या घरी मी तेच केले होते. भरलेल्या शुल्काचे दुःख काही दिवसांत ओसरले. गेलेल्या दीड वर्षाचे मात्र अजून आहे, कारण ते वर्ष माझे नव्हते, तिचे होते.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून रीतसर चौकशी केली. तिचे सार पुढे देतो.

वाटा कोणत्या?

पहिली गोष्ट ही, की आपल्या देशात 'इलस्ट्रेशन' या नावाची स्वतंत्र पदवी क्वचितच आढळते. हा विषय निरनिराळ्या अभ्यासक्रमांच्या पोटात दडलेला असतो. म्हणून नाव पाहून प्रवेश घेऊ नये. आत काय आहे ते पाहावे.

ललित कलेची पदवी, म्हणजे बी.एफ.ए., ही चार वर्षांची. तिच्यात रंगकला आणि उपयोजित कला अशा शाखा असतात. रंगकलेत व्यक्तिचित्र, मानवाकृती, निसर्गचित्र आणि रचना यांवर भर असतो. हात उत्तम तयार होतो. परंतु दुसऱ्याची गोष्ट ठरलेल्या पानांत आणि ठरलेल्या मुदतीत सांगण्याचा सराव तेथे स्वतःहून करावा लागतो. उपयोजित कलेत अक्षररचना, भित्तिपत्रक, जाहिरात, छायाचित्रण, मुद्रण आणि बोधचित्रण हे विषय येतात. मुंबईच्या जे.जे.मध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. तेथील अंतिम वर्षात इलस्ट्रेशन हा विशेष विषय म्हणून घेण्याची सोय प्रसिद्ध आहे. आपल्या आवडत्या शि. द. फडणीसांचे शिक्षण जे.जे.चेच. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे प्रवेशाचे नियम जुन्या माहितीवर विसंबून न राहता त्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतच पाहावेत. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी तेथील शासकीय महाविद्यालयांत जागा मर्यादित असतात, हे आपण मध्य प्रदेशवासीयांनी आधीच ध्यानात घ्यावे.

दुसरी वाट डिझाइनच्या पदवीची, म्हणजे बी.डेस.ची. तीही चार वर्षांचीच. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालची. आपल्या भोपाळातही २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे आणि तेथे संप्रेषण डिझाइनची शाखा आहे. घराजवळ ही सोय असूनही आपल्यातील अनेकांना तिची गंधवार्ता नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तील डिझाइन केंद्राने २०१५ पासून पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेतून बारावी झालेले विद्यार्थी बसू शकतात. डिझाइन शिक्षणात विचार, संशोधन आणि वापरणाऱ्याची गरज यांना प्राधान्य असते. मूल प्रश्न सोडवण्यात रमत असेल तर ही वाट उत्तम. केवळ तासन्‌तास रेखाटन हवे असेल तर मात्र त्यास हुरहूर लागण्याचा संभव आहे.

तिसरी वाट ॲनिमेशनची. चांगल्या संस्थेत तेथेही रेखाटनाचा पाया भक्कम करून घेतात. जेथे पहिल्या दिवसापासून केवळ सॉफ्टवेअर शिकवले जाते, तेथून पाऊल मागे घ्यावे. हा सल्ला माझ्या खिशाने आणि मुलीच्या दीड वर्षाने दिलेला आहे.

जवळपासची नावे सांगायची तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखा १९५० सालची. तिच्या जडणघडणीत इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचा मोठा वाटा होता. छत्तीसगडात खैरागडचे इंदिरा कला संगीत विद्यापीठ १९५६ पासून आहे. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आहे. इंदुरातील कलाशाळेचा लौकिक तर द. दा. देवळालीकर गुरुजींमुळे देशभर झाला. बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सारे त्यांचे विद्यार्थी. माळव्यात चित्रकला शिकायची तर मुंबईच गाठली पाहिजे, हा समज त्या गुरुजींनी शतकभरापूर्वीच खोटा ठरवला होता.

महाविद्यालयाची तपासणी

माहितीपुस्तिका ही औषध कंपनीच्या रंगीत पत्रकासारखी असते. तीत दुष्परिणाम नसतात. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. शक्यतो वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत जावे आणि भिंतीवरील पारितोषिकप्राप्त चित्रांपुढे न थांबता चौथ्या वर्षातील मध्यम विद्यार्थ्याचे काम दाखवा, असे सांगावे. उत्तम विद्यार्थी कोठेही उत्तमच होतो. महाविद्यालयाने काय दिले ते मधल्या विद्यार्थ्याच्या कामात दिसते.

तेथे आम्ही पुढील प्रश्न विचारीत असू. आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष माणूस समोर बसवून रेखाटन होते? पहिल्या दोन वर्षांत संगणक किती आणि कागद किती? विद्यार्थी एखादी गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत, सलग पानांत चित्रित करतात काय? एकच पात्र वीस पानांवर वीस अवस्थांत ओळखू येईल असे काढण्याचा सराव होतो काय? शिकवणाऱ्यांपैकी कोणाची पुस्तके वा नियतकालिकांतील चित्रे प्रसिद्ध झाली आहेत? छपाईची यंत्रे चालू आहेत की त्यांवर आच्छादन आहे? ग्रंथालयात चित्रपुस्तके आहेत काय, आणि असल्यास ती कुलपात आहेत की हाताळून मळलेली आहेत? शेवटच्या प्रश्नाला मी हसलो होतो. पण कन्येने एका ठिकाणचा निर्णय नेमका त्यावरूनच घेतला.

प्रवेशाच्या तयारीविषयी दोन शब्द. महाराष्ट्रातील प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान यांची चाचणी होत आली आहे. त्यासाठी शिकवणी लावण्यास हरकत नाही; परंतु शिकवणीत घोटून घेतलेले साचे परीक्षकास लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा खिशात मावेल अशी एक वही घेऊन मुलाने दररोज मनीषा मार्केटमध्ये अर्धा तास बसावे. भाजीवाला, हातगाडी, रिक्षाची वाट पाहणारी बाई, सारे रेखाटावे. वर्षभरात अशा दहा-बारा वह्या भरल्या तर त्याच मुलाचा खरा दाखला होत. आणि भरल्या नाहीत, तर तेही निदानच आहे. ते आदराने स्वीकारावे.

महाविद्यालयाविना

येथे कोणी म्हणेल, की आर. के. लक्ष्मण यांना तर जे.जे.ने प्रवेश नाकारला होता. ते खरे आहे. मारिओ मिरांडा यांची पदवी इतिहासाची होती. पु. लं.च्या पुस्तकांतील माणसे ज्यांच्या रेषेमुळे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात ते वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते.

आपल्या भोपाळचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. १९८२ साली भारत भवन उघडले. त्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने जनगढ सिंह श्याम हा गोंड तरुण चित्रकार पाटनगढहून येथे आला. त्याच्या घरी राहून आणि त्याच्या चित्रांत बिंदू भरून त्याचे नातलग शिकले. त्यांतील भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व्याम यांना ती २०२२ मध्ये मिळाली. त्यांनी व सुभाष व्याम यांनी डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील 'भीमायन' हे चित्रमय पुस्तक रंगवले. यांपैकी कोणी कलामहाविद्यालयात गेले नव्हते.

मात्र यावरून महाविद्यालय निरर्थक आहे असा अर्थ काढू नये. जनगढचे घर हेच एक महाविद्यालय होते. तेथे गुरू होता, रोजचे काम होते, सोबती होते आणि चुकीची दुरुस्ती होती. या चार गोष्टी जेथे मिळतील तेथे शिक्षण होते, मग वर फलक असो वा नसो. आपल्या शहरात 'चकमक' हे मुलांचे मासिक १९८५ पासून निघते. एकतारा या संस्थेने बालसाहित्याच्या चित्रकारांसाठी 'रियाज' नावाचा अभ्यासक्रमही भोपाळातच सुरू केला. पदवी कोणतीही असो, अशा ठिकाणचा सहवास तिला पूरक ठरतो.

डॉक्टरांच्या मुलांसाठी एक विशेष वाट

ज्या मुलांना जीवशास्त्र आणि चित्र दोन्ही सोडवत नाहीत, त्यांच्यासाठी वैद्यकीय बोधचित्रण हे क्षेत्र आहे. लाइपझिगहून १८९४ साली अमेरिकेत आलेल्या मॅक्स ब्रोडेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ मध्ये या विषयाचा विभाग स्थापन झाला. तेथे आजही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी दिली जाते. प्रवेशासाठी चित्रकला आणि जीवविज्ञान दोन्हींची तयारी लागते. जगभर असे अभ्यासक्रम मोजकेच आहेत. फ्रँक नेटर यांची कथा तर आम्हा पालकांना आरसा दाखवणारी आहे. ते आधीच नावाजलेले व्यावसायिक चित्रकार होते. आईच्या इच्छेखातर डॉक्टर झाले, काही काळ शल्यचिकित्सा केली, आणि अखेर पुन्हा चित्रांकडेच वळले. त्यांचा शरीररचनेचा चित्रसंग्रह आज जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती आहे. बारावीला जीवशास्त्र घेतल्याने चित्रकाराचे नुकसान होत नाही, हे त्यावरून कळावे.

पोट भरेल काय?

हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. बोधचित्रकाराला दरमहा निश्चित वेतन क्वचितच मिळते. पहिली तीन-चार वर्षे पाठ्यपुस्तके, मासिके, जाहिराती असे मिळेल ते काम करीत काढावी लागतात. २०२२ नंतर संगणकच चित्रे निर्माण करू लागल्यापासून किरकोळ सजावटीच्या कामांवर गदा आली आहे. हे मुलांपासून लपवू नये. साच्यातले चित्र यंत्र काढील. कोणापुढे, कशासाठी, काय दाखवायचे हे ठरवणारा मात्र माणूसच लागेल. म्हणूनच बटणे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा विचार आणि हात घडवणारा अभ्यासक्रम आज अधिक मोलाचा आहे.

करारनाम्याचे ज्ञानही शिक्षणातच यावे. 'ग्रेज ॲनाटॉमी'च्या प्रत्येक हजार प्रतींमागे ग्रे यांना मोबदला ठरला होता. कार्टर यांना एकरकमी रक्कम देऊन व्यवहार संपवण्यात आला. ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. आपल्या मुलांनी सही करण्यापूर्वी चार गोष्टी वाचाव्यात: रक्कम एकरकमी की प्रतींवर, पुनर्मुद्रणाचे काय, मूळ चित्र कोणाकडे राहणार आणि नाव छापले जाणार की नाही.

शेवटी

आमच्या कन्येने उपयोजित कलेची पदवी घेतली आणि अंतिम वर्षी बोधचित्रण हा विषय निवडला. आज ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. कमाई बेताची आहे, पण स्वतःची आहे.

गेल्या वर्षी मी तिला माझ्या दवाखान्यासाठी एक पत्रक काढून मागितले: इन्सुलिन कसे टोचून घ्यावे, वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी. तिने समोरून दिसणारी स्त्री काढली. पोटाची घडी चिमटीत धरलेली, हाती सुई. चित्र मला फार आवडले. ती मात्र दोन दिवस दवाखान्यात एका कोपऱ्यात बसून राहिली आणि रुग्ण ते पत्रक कसे पाहतात ते पाहत राहिली. त्यांचा डावा-उजवा हात उलटसुलट होत होता. तिने चित्र फाडले आणि नवे काढले. आता पत्रकात चेहरा नव्हताच. मान खाली घातल्यावर रुग्णाला स्वतःचे पोट आणि स्वतःचे हात जसे दिसतात तसे ते चित्र होते. कोलारकडून येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी ते हातात धरले, खाली पाहिले, पुन्हा पत्रकाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ये तो मेरे ही हाथ हैं।"

ती चार वर्षांत काय शिकली, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. ती पाहणाऱ्याच्या जागी जाऊन बसायला शिकली होती. जे महाविद्यालय हे शिकवील, ते आपल्या मुलासाठी निवडावे. त्याचा क्रमांक यादीत कितवा आहे, हा प्रश्न नंतरचा.

तेव्हा फेरफटक्यात मागे रेंगाळून, आवाज खाली आणून विचारण्याचे कारण नाही. मोकळेपणाने विचारा. आणि मला विचारण्याआधी घरी जाऊन मुलाच्या वह्यांचे समास एकदा पाहून घ्या. मी ते पाहिले होते; वाचले मात्र नव्हते.